कॉम्प्रेसर घेताना अश्वशक्तीपेक्षा हवा मोजावी

ग्रामीण महाराष्ट्रात ‘कॉम्प्रेसर’ हा शब्द उच्चारताच विहिरीच्या खोदकामावर सुरुंगाची भोके पाडणारा, ट्रॅक्टरला जोडलेला अवजड संच तरी डोळ्यांपुढे येतो, नाहीतर हमरस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याची टाकी. अलीकडे मात्र हे यंत्र शेतघराच्या पडवीत आणि अवजारांच्या शेडमध्येही दिसू लागले आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे. कृषी यांत्रिकीकरण उप-अभियान २०१४-१५ मध्ये देशभर सुरू झाले, अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांना त्यातून पाठबळ मिळाले आणि ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, मळणीयंत्र, पेरणीयंत्र ही नावे लहान गावांतही घरोघरची झाली. यंत्रे गावात आली, पण त्यांची दुरुस्ती बहुतेक ठिकाणी तालुक्याच्या गावीच राहिली. वाफसा दोन दिवसांचा असतो. त्यातील एक दिवस सपाट झालेला टायर ट्रॉलीत घालून तालुक्याला नेण्यात गेला, तर त्या हंगामाचे गणित बिघडते. म्हणूनच शेतावर स्वतःची छोटी कार्यशाळा असावी, हा विचार योग्य आहे आणि त्या कार्यशाळेत कॉम्प्रेसरला अग्रक्रम मिळणे स्वाभाविक आहे.

अडचण खरेदीच्या रीतीत आहे. बैल घेताना दात, खूर आणि चाल पाहणारा शेतकरी कॉम्प्रेसर घेताना मात्र दोनच गोष्टी विचारतो : किती एचपीचा आणि टाकी किती लिटरची. या दोन्ही आकड्यांतून यंत्राचे खरे काम कळत नाही. परिणामी कुठे गरजेच्या दुप्पट यंत्र धूळ खात पडते, तर कुठे अपुरे यंत्र अखंड धावून दोन हंगामांत निकामी होते. विस्तार कार्यकर्त्यांनी या खरेदीकडे बियाणे किंवा पंप निवडण्याइतक्याच गांभीर्याने पाहण्याची वेळ आली आहे.

कोणता आकडा विचारावा?

कॉम्प्रेसर विकत घेणे म्हणजे ठरावीक दाबाला दर मिनिटाला मिळणारी हवा विकत घेणे. या हवेला ‘फ्री एअर डिलिव्हरी’, संक्षेपाने एफएडी, म्हणतात आणि ती घनफूट प्रतिमिनिट म्हणजे सीएफएममध्ये किंवा लिटर प्रतिमिनिटात सांगितली जाते. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. छापील पत्रकावर पुष्कळदा याऐवजी ‘पिस्टन डिस्प्लेसमेंट’ दिलेले असते. दट्ट्या सिलिंडरमध्ये जेवढी जागा व्यापतो त्याचा तो हिशेब असतो. प्रत्यक्षात गळती, उष्णता आणि सिलिंडरच्या डोक्याशी उरणारी हवा यांमुळे हाती येणारी हवा बरीच कमी असते. लहान, एकटप्पी यंत्रात डिस्प्लेसमेंट ८ सीएफएम असेल, तर ७-८ बार दाबाला खरी हवा ५ ते ६ सीएफएमच्या आसपास भरते. ढोबळ मानाने, चांगल्या स्थितीतील लहान कॉम्प्रेसर एका अश्वशक्तीमागे ३ ते ४ सीएफएम हवा देतो. कोणी २ एचपीच्या यंत्रातून १२ सीएफएम मिळतील असे सांगत असेल, तर तो आकडा डिस्प्लेसमेंटचा असावा किंवा फुगवलेला असावा, हे ओळखावे.

ही तपासणी दुकानातही करता येते आणि त्यासाठी घड्याळापलीकडे काही लागत नाही. टाकीचा बाहेर जाणारा कॉक बंद करून यंत्र चालू करावे आणि गेजचा काटा ४ बारवरून ७ बारवर जायला किती सेकंद लागतात ते पाहावे. ५० लिटरच्या टाकीत ३ बार दाब वाढला म्हणजे सुमारे १५० लिटर हवा आत गेली. त्याला ९० सेकंद लागले असतील, तर यंत्र मिनिटाला १०० लिटर, म्हणजे साडेतीन सीएफएम हवा देते. टाकी गरम होत असल्यामुळे हा आकडा खऱ्यापेक्षा काहीसा जास्त दिसतो, परंतु पत्रकातील दावा आणि वस्तुस्थिती यांतील अंतर त्यातून उघड होते. जो विक्रेता ही चाचणी करू देत नाही, त्याच्याकडून घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

टाकीबाबतही असाच गैरसमज आहे. मोठी टाकी हवा निर्माण करत नाही, ती साठवते एवढेच. ५० लिटरच्या टाकीतील दाब ८ बारवरून २ बारवर येईपर्यंत ३०० लिटर हवा मिळते. थांबून थांबून होणाऱ्या कामाला हा साठा उपयोगी पडतो. अखंड हवा लागणाऱ्या कामात मात्र टाकी काही मिनिटांत रिकामी होते आणि पुढचा सगळा भार यंत्राच्या एफएडीवरच पडतो.

शेतावर हवा लागते कशाला?

निवडीची खरी सुरुवात कामाच्या यादीपासून व्हायला हवी. पहिले काम टायरचे. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरचे आकारमान मोठे असले तरी शेतकामासाठी त्यातील दाब साधारण १२ ते १६ पीएसआय, म्हणजे १ बारच्या आसपास असतो. मध्यम आकाराच्या टायरची पोकळी २०० लिटरच्या आसपास धरली, तर तो पूर्ण सपाट अवस्थेतून भरायला फार तर ४०० लिटर हवा पुरते. साडेतीन सीएफएमचा लहानसा कॉम्प्रेसर हे काम चार मिनिटांत करतो. पुढच्या टायरांना आणि ट्रॉलीला दाब जास्त लागतो, पण त्यांचे आकारमान कमी असते. थोडक्यात, टायरसाठी मोठे यंत्र लागत नाही.

या कामाचा शेतीशी असलेला संबंध पंक्चरपुरता नाही. रस्त्यावर ट्रॉली ओढताना भरलेल्या दाबावर तोच ट्रॅक्टर ओल्या रानात घातला, तर चाक घसरते, डिझेल जास्त जळते आणि जमीन खोलवर दडपली जाते. दाब फारच कमी ठेवला, तर टायरची बाजू चिरते. हंगामानुसार आणि कामानुसार दाब बदलण्याची शिफारस नियमपुस्तिकांत असतेच. घरी हवा आणि भरवशाचा गेज नसल्यामुळे ती पाळली जात नाही. जमिनीच्या घट्टपणाविषयी शेतकरी मेळाव्यात भाषण करण्यापेक्षा अवजारे केंद्रात एक अचूक टायर गेज ठेवणे अधिक फलदायी ठरेल.

दुसरे काम सफाईचे. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा, हार्वेस्टर व मळणीयंत्राच्या कोपऱ्यांतील काडीकचरा आणि एअर फिल्टरमधील धूळ काढण्यासाठी हवेसारखे साधन नाही. मात्र येथे दाब कमी ठेवणे आवश्यक आहे. कागदी फिल्टर नेहमी आतून बाहेर फुंकावा आणि दाब सर्वसाधारणपणे २ बारच्या आत असावा, अन्यथा कागद फाटतो आणि धूळ थेट इंजिनात जाते. म्हणून रेग्युलेटर नसलेला कॉम्प्रेसर फिल्टरच्या सफाईला वापरू नये.

ठिबकच्या तुंबलेल्या नळ्या उच्च दाबाच्या हवेने मोकळ्या करण्याचा मोहही टाळावा. ठिबकच्या उपनळ्या साधारण १ किलो प्रतिचौरस सेंटिमीटर दाबावर चालण्यासाठी बनवलेल्या असतात. कॉम्प्रेसरची हवा त्यांचे जोड उडवते, पण क्षार आणि शेवाळ काढत नाही. क्षारांसाठी आम्ल प्रक्रिया, शेवाळासाठी क्लोरीन प्रक्रिया आणि नियमितपणे उपनळ्यांची टोके उघडून पाणी सोडणे हाच त्यावरील मार्ग आहे.

तिसरे काम नटबोल्ट सोडवण्याचे. अर्धा इंची इम्पॅक्ट रेंचला सरासरी ४ ते ५ सीएफएम हवा लागते, पण बटण दाबलेले असताना तिचा क्षणिक वापर याहून पुष्कळ जास्त असतो. येथे टाकीचा साठा कामी येतो. चौथे काम रंगाचे आणि ग्राइंडिंगचे. ही कामे सलग चालतात. बंदुकीच्या प्रकारानुसार रंगकामाला ६ ते १० सीएफएम किंवा अधिक, आणि हवेवर चालणाऱ्या ग्राइंडर वा सँडरला त्याहूनही जास्त हवा लागते. मोठा कॉम्प्रेसर घेण्यामागे बहुधा या चौथ्या कामाचेच कारण दिले जाते, आणि तेथेच हिशेब चुकतो. विजेची ऊर्जा हवेत, हवेची ऊर्जा हत्यारात असा प्रवास होताना मूळ ऊर्जेचा जेमतेम दशांश ते सप्तमांश भाग उपयोगी कामात उतरतो. थेट विजेवर चालणारा ग्राइंडर तेच काम कितीतरी कमी विजेत करतो. वर्षातून एकदा अवजारांना रंग देण्यासाठी ब्रश पुरेसा आहे, किंवा अवजारे केंद्रातील मोठे यंत्र भाड्याने घ्यावे.

ही छाननी केल्यावर एका कुटुंबाच्या शेतघराला लागणारे यंत्र लहान होत जाते. ७ बार दाबाला खरी ४ ते ६ सीएफएम हवा देणारा दीड ते दोन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर आणि ५० ते १०० लिटरची टाकी एवढ्यावर बहुतेकांचे भागते. ज्यांच्याकडे एक मोटारसायकल आणि एक लहान ट्रॅक्टर एवढेच आहे, त्यांना बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा हवा भरण्याचा पंपही पुरतो. त्यांनी कॉम्प्रेसर न घेणे हाच शहाणपणाचा निर्णय होय.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : ‘घ्यायचा तर एकदाच मोठा घ्यावा, पुढे कामाला येईल.’ जमीन किंवा विहीर यांच्या बाबतीत हा विचार शोभतो, कॉम्प्रेसरला तो लागू पडत नाही. मोठ्या यंत्राला थ्री फेज वीज लागते, मोठ्या टाकीत अधिक पाणी साचते आणि कमी वापरामुळे ती गंजते. काम खरोखर वाढले, तर तीन अश्वशक्तीचे यंत्र गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने मिळून घेणे हेच किफायतशीर ठरते.

वीज आणि यंत्राची ठेवण

गावच्या विजेचा विचार न करता निवडलेला कॉम्प्रेसर हा बिघाडाला दिलेले निमंत्रण असते. शेतीच्या वाहिनीवर थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते आणि ती बऱ्याचदा रात्रीची असते. दुरुस्तीची गरज मात्र दिवसा पडते. म्हणून घरगुती यंत्र सिंगल फेजचे असणे सोयीचे. कृषिपंपाच्या जोडणीवरून कार्यशाळेची यंत्रे चालवता येतील का, याची खात्री वीज कंपनीकडून आधी करून घ्यावी.

दुसरा मुद्दा दाबाचा, पण विजेच्या. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर जोर सुमारे ६१ टक्क्यांवर येतो. अशा वेळी टाकीत दाब शिल्लक असताना मोटार सुरू केली की ती अडते, गुरगुरते आणि जळते. यंत्र थांबल्यावर दट्ट्यावरचा दाब सोडून देणारा अनलोडर व्हॉल्व्ह नीट चालतो की नाही, हे त्यासाठी पाहावे. यंत्र बंद होताच ‘फुस्स’ असा अल्प आवाज आला, तर तो चालतो असे समजावे. २ अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार पूर्ण भारावर १० ते १२ अँपिअर वीज घेते. तिला १६ अँपिअरचे सॉकेट, अर्थिंग आणि पुरेशा जाडीची तार हवी. शेडपर्यंत बारीक वायरची लांब जोडणी ओढण्यापेक्षा कॉम्प्रेसर मीटरजवळ ठेवून हवेची नळी लांब ठेवावी.

पट्ट्यावर चालणारे यंत्र घ्यावे की थेट जोडलेले, हाही प्रश्न येतो. थेट जोडलेली स्वस्त यंत्रे बहुधा मिनिटाला २८०० फेऱ्यांच्या आसपास फिरतात. ती हलकी असतात, पण लवकर तापतात आणि आवाज जास्त करतात. पट्ट्यावरच्या यंत्राचा दट्ट्या पुष्कळ कमी वेगाने चालतो, तो थंड राहतो आणि गावातील फिटरलाही त्याची रिंग, व्हॉल्व्हची पट्टी व बेअरिंग बदलता येते. शेतावर ठेवण्यासाठी पट्ट्याचे, तेलाचे, मंद चालणारे यंत्र अधिक योग्य. ऑइल-फ्री यंत्राला तेल लागत नाही, पण त्याचे सुटे भाग जवळपास मिळतात का ते आधी विचारावे. लहान कॉम्प्रेसर अखंड चालवण्यासाठी नसतातच. तासातील निम्मा वेळ यंत्राला विसावा मिळेल एवढेच काम त्याच्याकडून घ्यावे. ट्रॅक्टरच्या इंजिनातून काढलेले किंवा उरलेले तेल त्यात ओतू नये. त्यामुळे व्हॉल्व्हवर काजळी साचते. उत्पादकाने सांगितलेले कॉम्प्रेसर तेलच वापरावे. भुसा उडणाऱ्या कडबाकुट्टीच्या शेजारी यंत्र ठेवू नये, कारण आत ओढली जाणारी धूळ सिलिंडर घासते.

टाकीतील पाणी

या यंत्राच्या बाबतीत सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे टाकीच्या तळाशी असलेला छोटासा ड्रेन कॉक. हवेत बाष्प असते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाणी धरू शकते. पावसाळ्यात कोकणात किंवा पूर्व विदर्भात आर्द्रता ८० टक्के धरली, तर त्यात २४ ग्रॅम पाणी असते. ही हवा ८ बारपर्यंत दाबून पुन्हा थंड झाली की त्यातील सुमारे २० ग्रॅम पाणी टाकीत गळते. मिनिटाला १०० लिटर हवा घेणारे यंत्र एका तासात ६ घनमीटर हवा ओढते, म्हणजे सुमारे १२० मिलिलिटर, लहान वाटीभर, पाणी तळाशी साचते. ते रोज काढले नाही, तर पत्रा आतून गंजत जातो. बाहेरचा रंग मात्र नव्यासारखा राहतो.

येथे प्रश्न पैशांपलीकडे जातो. १६० लिटरच्या टाकीत ८ बार दाबाने कोंडलेल्या हवेत सुमारे १७० किलोज्यूल ऊर्जा असते. एक टन वजन १७ मीटर उंचीवरून, म्हणजे सुमारे पाच मजल्यांवरून, खाली पडावे एवढी ही ऊर्जा आहे. गंजलेली टाकी फाटली, तर ती एका क्षणात मुक्त होते. कारखान्यांसाठी १९४८ च्या कारखाना अधिनियमाने दाबाखाली चालणाऱ्या यंत्रसामग्रीसंबंधी कलम ३१ स्वतंत्रपणे घातले. घरगुती शेडमध्ये मात्र कोणी निरीक्षक येत नाही. जेथे बाजूलाच मुले खेळतात आणि गुरे बांधलेली असतात, तेथे ही तपासणी घरच्यांनाच करावी लागते.

म्हणून जुनी, रंग दिलेली टाकी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. घेतलीच, तर पाण्याच्या दाबावर तिची चाचणी जाणकाराकडून करून घ्यावी. ही चाचणी पाण्याने करतात, कारण पाणी दाबले जात नाही आणि टाकी फुटली तरी स्फोट होत नाही. टाकीवर उत्पादकाची पाटी, कमाल दाब आणि निर्मितीचे वर्ष असलेच पाहिजे. गळणाऱ्या टाकीला वेल्डिंगचा ठिगळ लावणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह महिन्यातून एकदा कडी ओढून तपासावा. तो सारखा उडतो म्हणून त्यात खिळा ठोकण्याचा किंवा तो घट्ट करण्याचा प्रकार कुठे दिसला, तर ते यंत्र तत्काळ बंद करावे.

शेतावर सहज हाताशी असलेली पीव्हीसी नळी हवेच्या वाहिनीसाठी कधीही वापरू नये. पाण्याने ती फुटली तर गळते, पण हवेने फुटली तर तिच्या धारदार चिरफळ्या उडतात. हवेसाठी त्याच दाबाची रबरी होज किंवा लोखंडी नळी हवी. टायर भरताना लांब नळी आणि पकड घेणारे टोक वापरून टायरच्या समोर नव्हे, तर बाजूला दूर उभे राहावे. टायरची कड रिमवर बसवताना ३५ पीएसआय ही मर्यादा ट्रॅक्टर टायरचे अनेक उत्पादक देतात. तेवढ्या दाबाला कड बसली नाही, तर हवा सोडून पुन्हा वंगण लावावे, दाब वाढवू नये. हवेचा झोत अंगावर किंवा कपड्यांवर मारणे पूर्णतः वर्ज्य मानावे. थट्टेने अंगात हवा सोडल्यामुळे आतडी फाटून तरुण कामगार दगावल्याच्या बातम्या देशभरातून वारंवार आल्या आहेत.

विस्तार यंत्रणेकडून अपेक्षा

कॉम्प्रेसर हे पीक वाढवणारे यंत्र नव्हे, म्हणून त्याचा विचार आजवर विस्ताराच्या परिघाबाहेर राहिला. परंतु यंत्र उभे राहिले की पीकही खोळंबते. अवजारे केंद्राचा प्रस्ताव तयार करताना यंत्रांच्या यादीसोबत दुरुस्तीच्या साधनांची यादीही मांडली जावी. मध्य प्रदेशातील बुदनी किंवा हरियाणातील हिसार येथील कृषी यंत्र प्रशिक्षण संस्थांतून शिकून आलेल्या तरुणांनी आणि कृषी विज्ञान केंद्रांतील अभियांत्रिकी विषयतज्ज्ञांनी गावपातळीवर दोन तासांचे एक प्रात्यक्षिक घेतले, तरी पुरेसे आहे. त्यात घड्याळ लावून हवा मोजणे, ड्रेन कॉक उघडून वाटीत पाणी गोळा करून दाखवणे आणि ट्रॅक्टरच्या टायरचा दाब कामानुसार बदलणे एवढ्या तीन गोष्टी असाव्यात. वाटीत पडलेले गंजाचे तांबूस पाणी पाहिल्यावर पुढे व्याख्यानाची गरज उरत नाही.

विक्रेत्यांकडूनही एक माफक मागणी संघटितपणे व्हायला हवी : पत्रकावर आणि यंत्राच्या पाटीवर ठरावीक दाबाला मिळणारी एफएडी ठळकपणे छापावी. पंपाच्या बाबतीत शेतकरी आज ‘हेड किती, पाणी किती’ असे विचारतो, तो काही वर्षांच्या विस्तारकार्याचा परिणाम आहे. कॉम्प्रेसरच्या दुकानात ‘सात बारला हवा किती’ हा प्रश्न तितक्याच सहजतेने विचारला जाऊ लागला, तर पत्रकातले फुगवलेले आकडे आपोआप खाली येतील आणि शेतकऱ्याचा पैसा रेग्युलेटर, गेज, चांगली होज आणि सुरक्षित टाकी यांवर, म्हणजे जेथे तो जायला हवा तेथे, खर्च होईल.